मूठभर जस्त

दत्ताराम,

तुझ्या पेटीतल्या सामानाची यादी मी केली. करायला दुसरं कोणी नव्हतं, आणि असल्या कामासाठीच माझा जन्म झाला आहे असं तू अल कुसैसच्या आपल्या सगळ्या मजल्याला सांगून ठेवलं होतंस. यादी तीन प्रतींत केली आणि प्रत्येक पानावर सही केली. पाच शर्ट, दोन पँटी, एक पांघरूण, चष्मा, सुनंदावहिनींसाठी घेऊन ठेवलेलं मनगटी घड्याळ खोक्यासकट, फौजेतून निवृत्त झाल्याचं पुस्तक. शेवटी दोन लाकडी मुठींचा, चिमट्यासारखा उघडणारा एक जड पोलादी साचा. इथे सामान गावी पाठवण्याच्या काउंटरवरच्या कारकुनाने पेन थांबवलं.

"ये क्या है?"

"गोली का साँचा," मी म्हणालो.

तो खुर्चीतून निम्मा उठला. मी त्याला समजावून सांगितलं की साचा रिकामा आहे, त्यात शिसं ओततात, आणि मरण पावलेला माणूस एका नेमबाजी क्लबात जुन्या बंदुकांची निगा राखणारा अधिकृत आर्मरर होता. 'होता' या क्रियापदाच्या काळावर मी थोडा अडखळलो, कारण तू तिथे चार वर्षांपूर्वीच 'होतास'. त्या पोराने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, ये मत लिखो. ये आप रख लो. खलास."

म्हणून साचा माझ्याकडे राहिला. आणि तुझी निळ्या पुठ्ठ्याची वहीसुद्धा. वही मी यादीत लिहिली होती. नंतर ती ओळ खोडली आणि नियमाप्रमाणे खोडल्याजागी सही केली. कारण फॉर्म भरायच्या रांगेत उभा असताना मी तिच्यातलं एक पान वाचलं होतं. त्या पानामुळे तुझ्या नावावरचा डाग कोणाचा आहे ते मला कळलं. हे लिहायला बसलो आहे ते तुझी माहिती देण्यासाठी नाही. ती ज्यांना हवी त्यांच्याकडे आहे. मी बसलो आहे तो डाग ज्याचा आहे त्याच्या अंगावर घालायला.

आधी हे सांगू दे की मी तुझ्यावर संतापलेलो आहे.

आपली ओळखच एका भांडणाने झाली. तू नुकताच आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आला होतास. फौजेतली नोकरी संपवून कोकणातल्या घरी वर्षभर बसलास, मग क्लबाचा व्हिसा घेऊन इथे आलास. मी एका बांधकाम कंपनीच्या कायदा विभागात मसुदे टाईप करणारा माणूस. सनद नाही, पण कलमं पाठ. त्या उन्हाळ्यात एसी बंद पडला होता आणि मालकाला मी तिसरं पत्र लिहीत होतो. तू दारात उभा राहून दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलंस, पेटीतून पेचकस काढलास, स्टुलावर चढलास आणि मी तिसऱ्या परिच्छेदावर असतानाच एसी सुरू झाला.

"वकिला, तुझा पत्र पोचापर्यंत थंडी पडतली," तू स्टुलावरूनच म्हणालास.

"प्रश्न एसीचा नाही," मी म्हणालो. "प्रश्न भाडेकराराच्या सातव्या कलमाचा आहे."

तू इतका हसलास की स्टूल हललं. त्या दिवसापासून मी सगळ्या मजल्याचा 'वकील' झालो. तिसरं पत्रही मी पाठवलं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. एसी मात्र चालू आहे.

पुढची सहा वर्षं आपले शुक्रवार शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजच्या मागे गेले. तुझ्या क्लबात काही म्हातारे सभासद होते. त्यांच्याकडे वाडवडिलांच्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, जुन्या लष्करांतून फिरत फिरत वाळवंटात आलेल्या. तू मला पहिल्यांदा अशा एका नळीत डोळा लावायला सांगितलंस तेव्हा मला आत झिजलेल्या पेचदार खाचा दिसल्या, जिन्याच्या पायऱ्या झिजाव्यात तशा. कारखान्यातलं तांब्याच्या कवचाचं काडतूस अशा नळीला आणखी घासून संपवतं. तिला हवी मऊ शिशाची, हाताने ओतलेली गोळी, जी तिच्या झिजलेल्या अंगाशी जुळवून घेईल, आणि मागे थोडकी दारू. तू हे माहीत असलेला माणूस होतास, आणि क्लबाने ते काम तुझ्यावर सोपवलं होतं.

शिसं आणायचं काम माझं. मोटारीच्या चाकांचा तोल साधायला रिमच्या कडेला बोटभर लांबीची वजनं ठोकतात. टायर बदलला की ती काढून फेकून देतात. इस्त्रीची पँट, हातात फाईल आणि दुसऱ्या हातात बादली अशा थाटात मी टायरवाल्यांच्या रांगेतून फिरायचो. "भाईसाब, पुराना वजन है?" पठाण दुकानदार आधी मला पालिकेचा माणूस समजून घाबरायचे, मग ओंजळ भरभरून द्यायचे. बादल्या दोन होत्या. लाल बादलीत मी आणलेला कच्चा माल, निळ्या बादलीत तू निवडलेला. तू प्रत्येक तुकडा पकडीत धरून दाबायचास. दात उमटला तर शिसं, नाही उमटला तर जस्त किंवा लोखंड, आणि ते बाजूला. नव्या गाड्यांबरोबर जस्ताचे तुकडे वाढत चालले होते. दिसायला हुबेहूब तेच.

मी विचारायचो, "एवढं काय त्यात? एखादा गेला तर गेला."

"आच कमी ठेवलास तर गेल्लो वर तरंगता, पळयेन काडूक येता. आच वाढली की तोव वितळता. मगे सगळा पातेला बिघाडला. गोळी कडक होता. झिजलेल्या नळयेत ती बसणा नाय, आडवी तिडवी जाता."

हे तू मला सांगितलं होतंस. एकदा नव्हे, अनेकदा. ही नोंद महत्त्वाची आहे, म्हणून इथे करतो.

ओतताना तू बोलायचा नाहीस. घड्याळ काढून खिशात ठेवायचास. मेणबत्तीचा तुकडा शिशात टाकायचास, धूर व्हायचा, वर मळी यायची ती काढायचास, आणि खालून आरशासारखं शिसं दिसायचं. त्यात तुझं तोंड दिसायचं तेव्हा तू ते पळीने मोडायचास. साचा उघडला की गोळी ओल्या पोत्यावर पडायची. मग चष्मा चढवून एकेक उलटी करून पाहायचास. तिच्या टोकाकडे मी कौतुकाने बघायचो, तू टोकाकडे बघतच नव्हतास. "गोळी तोंडान नाय, बुडान चालता," तू म्हणायचास. बुडाची कड बोथट दिसली की परत पातेल्यात. दहातल्या चार परत जायच्या आणि तुझ्या चेहऱ्यावर रेषही हलायची नाही. मला ते बघवायचं नाही. मी लिहिलेलं एकही वाक्य आयुष्यात असं परत पातेल्यात टाकलेलं नाही.

त्या म्हाताऱ्या सभासदांत तुझा जीव एकावर होता. खोर फक्कानचे अबू सैफ. उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे, तरुणपणी मुंबईच्या गोदीत खजूर उतरवायला येऊन जाऊन हिंदी शिकलेले. त्यांची रायफल त्यांच्या वडिलांची. तिच्या नळीचं माप घ्यायला तू मऊ शिशाचा गोळा तिच्यातून हलकेच ठोकत पलीकडे काढलास आणि त्यावर उमटलेल्या खाचा भिंगाखाली दोन आठवडे मोजत बसलास. अखेर तिला जुळेल अशी गोळी साधली तेव्हा अबू सैफांनी पहिली फैर झाडली, लक्ष्याचा कागद हातात घेऊन त्या भोकात करंगळी घातली आणि तुला म्हणाले, "दत्ता, मेरा बाप आज ख़ुश होगा." तू हे मला सांगताना दुसरीकडे बघत होतास.

मग अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यातला तो जुन्या रायफलींचा सामना. मीही आलो होतो, बाहेरच्या खुर्च्यांत बसलो होतो. पहिला मान अबू सैफांचा. त्यांनी पाच फैरी झाडल्या. कागद आणला तेव्हा त्यावर तीनच भोकं होती, आणि ती गोल नव्हती. किल्लीच्या भोकासारखी लांबट होती. गोळ्या हवेत आडव्या होऊन गेल्या होत्या. पाहुण्यांतला कोणी हसला. अबू सैफांनी रायफल मांडीवर घेतली, बोळ्याने पुसली, कापडात गुंडाळली आणि निघून गेले.

मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "क्या कचरा डाला है इसमें?"

"सर, माल मेरा है," तू म्हणालास. "मैं देखता हूँ."

दुसऱ्या आठवड्यात तुझ्या हातात एका ओळीचं पत्र पडलं. 'कामातील हलगर्जीपणा'. व्हिसा रद्द झाला, सहा महिन्यांची बंदी लागली. वीस वर्षं फौजेत बंदुका हाताळलेल्या माणसाच्या नावाला त्या एका शब्दाने काळं फासलं. मी आयुष्यात अनेक गोष्टींवर चिडलो आहे, पण त्या एका शब्दावर जितका चिडलो तितका कशावर नाही.

मी तुझी बाजू मांडली. अकरा पानं, सहा परिशिष्टं. त्यात क्लबाने घाईने माल मागितल्याचं होतं, पुरेसा वेळ न दिल्याचं होतं, चौकशी न करता काढल्याचं होतं. आणि सगळ्याचा कणा होतं चौथं कलम: 'अर्जदाराने वापरलेला प्रत्येक तुकडा अर्जदाराने स्वतः निवडला व तपासला होता, अन्य कोणत्याही धातूची भेसळ होणे अशक्य होते.' तुला ते इंग्रजीतून मराठीत करून वाचून दाखवलं. तू जमिनीवर बसून भाजीचे देठ मोडत होतास.

"ह्या चौथा काढ," तू म्हणालास.

"का?"

"काढ म्हटलंय ना."

"दत्ताराम, चौथं काढलं तर राहतं काय? नुसती रड राहते. हेच तर आपलं म्हणणं आहे!"

"मगे पत्र नको."

मी उभा राहिलो. मी म्हणालो, तुला तुझ्या नावाचं काही वाटत नाही का? मी म्हणालो, मॅनेजरची एवढी भीती? वीस वर्षं फौजेत सलाम ठोकून ठोकून कणा गेला का तुझा? आणि मग तो शब्द म्हणालो. भित्रा. खोलीत दुसरा कोणी नव्हता, तेव्हा साक्षीदार नाही. पण मी म्हणालो.

तू देठ कचऱ्यात टाकलेस. "काडतुसाच्या खोक्यार सही कोणाची आसा, वकिला?"

"सहीचा प्रश्न नाही. कारणाचा प्रश्न आहे. कायद्यात..."

"सही माझी आसा." आणि भाजी घेऊन तू मोरीकडे गेलास.

सहा महिन्यांनी तू परत आलास, औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलास आणि आपल्याच खोलीत पुन्हा राहायला आलास. पुढची साडेतीन वर्षं आपण एका छपराखाली राहिलो. मी अधूनमधून चौथ्या कलमाचा विषय काढायचो, आणि तू म्हणायचास, "चाय घेतलंस?" मला ते तुझं मागे सरणं वाटायचं. मी मनात तुला हरलेला पक्ष म्हणून नोंदवून ठेवलं होतं.

आता वहीतलं ते पान. पेन्सिलने, तुझ्या गोल अक्षरात. शब्द न बदलता उतरवतो.

'उरलेल्या गोळ्यांवर रेडिएटरवाल्याकडचं तेजाब एकेक थेंब टाकलं. फेस आला. शिशाला येत नाही. जस्त आहे. लाल बालदीतला माल गेला. आच जास्त झाली होती. मी टेलिफोनला गेलो होतो तेव्हा. बुडाच्या कडा बोथट दिसल्या होत्या, तरी घाईत पास केल्या. पास मी केल्या. सही माझी. कोणाला सांगायचं नाही.'

मी रांगेत उभा होतो. पुढचा माणूस सरकला तरी मी सरकलो नाही. मागच्याने "यल्ला, यल्ला" म्हटलं.

सामन्याच्या आदल्या आठवड्यातला तो शुक्रवार. चार वाजता तू नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या फोनकडे गेलास, कारण त्या वेळी सुनंदावहिनी शेजाऱ्यांच्या घरी येऊन फोनपाशी बसायच्या. पातेलं गॅसवर होतं. जाताना तू मला म्हणालास, "नुसता बघ, हात लाव नको." निळी बादली रिकामी झाली होती आणि पातेल्यात शिसं कमी वाटत होतं. क्लबाला चाळीस काडतुसं हवी होती. लाल बादलीत माल होता. तुकडे निवडण्याचं ते तासभराचं काम मला नेहमीच थोडं अंधश्रद्धेसारखं वाटायचं, हे कबूल करतो. मी एक मूठ घेतली आणि टाकली. ते लवकर वितळेना, म्हणून गॅसची चावी फिरवली.

तू आलास. ज्योतीकडे पाहिलंस, चावी खाली आणलीस. मग माझ्याकडे पाहिलंस.

"लाल बालदीतला काय घातलंस नाय मां?"

"मला काय वेड लागलंय?" मी म्हणालो.

दत्ताराम, तीस वर्षं मी लोकांचे जबाब टाईप केले. जो माणूस प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो त्याच्या जबाबाखाली मी लाल रेघ मारतो. तू मारली नाहीस. तू मित्राचं म्हणणं खरं मानलंस आणि ओतायला बसलास.

मी हे विसरलो होतो असं लिहिलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल. त्या कागदावरची लांबट भोकं पाहिली त्या क्षणी मला ती मूठ आठवली होती. मग मॅनेजर ओरडला, आणि त्याच्यावर चिडणं हे सोपं काम हाताशी आलं. तुला काढल्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी मसुद्याला बसलो. अकरा पानं लिहीपर्यंत त्या मुठीचा विचार मनात येऊ दिला नाही. आणि चौथं कलम लिहिलं! जे मला खोटं आहे हे जगात सर्वांत आधी माहीत होतं, तेच मी तुला सही करायला दिलं. तू सही केली असतीस तर ती तुझ्या नावाने खोटी शपथ झाली असती. तू खरं सांगितलं असतंस तर माझं नाव गेलं असतं. तू मधली एकच वाट शोधलीस, आणि मी तुला भित्रा म्हणालो.

यासाठी मी तुझ्यावर संतापलेलो आहे. दुसऱ्याचा दोष गुपचूप स्वतःच्या खाती घेण्याची मुभा तुला कोणत्या कायद्याने दिली होती? मला ऐकवायचं होतंस. शिवी द्यायची होतीस. तेजाबाचा थेंब माझ्यासमोर टाकायचा होतास. इतकी वर्षं तू मला चहा देत राहिलास, आणि तो चहा मी प्यालो. सही तुझी होती हे तुझं म्हणणं मी आजही मान्य करत नाही. सही तुझी, पण मूठ माझी. हा आपला वाद अपुरा राहिला आणि आता एकतर्फी निकाल लागला, जो मला कोणत्याही न्यायालयात मान्य नाही.

दोन आठवड्यांपूर्वी साचा आणि वही फाईलच्या बॅगेत घालून मी खोर फक्कानला गेलो. साचा ठेवायला माझ्यापेक्षा योग्य जागा ती होती. डोंगर ओलांडून बंदराच्या क्रेन दिसू लागल्या तेव्हा मी मनात मसुदा तयार करत होतो: प्रास्ताविक, वस्तुस्थिती, कबुली. अबू सैफ दारातच भेटले. मी नाव सांगायच्या आत त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"दत्ता का दोस्त? वकील?"

"जी."

"बैठो. वो बोलता था, मेरे घर में एक वकील है, पूरी दुनिया को चिट्ठी लिखता है. मेरेको कभी एक नहीं लिखा."

प्रास्ताविक तिथेच संपलं. तू गेल्याचं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने माझा कॉफीचा कप भरला. मग मी सरळ म्हणालो, "बाबा, उस दिन गलती दत्ता की नहीं थी. मेरी थी." आणि मुठीची, आचेची, माझ्या उत्तराची सगळी हकीकत सांगितली.

"कितने साल हुआ?" त्यांनी विचारलं.

"चार."

"दत्ता दूसरे दिन आया था."

ते सांगत राहिले. तू सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेला होतास. नळीत चिकटलेलं शिसं काढायला, व्हिसा संपायच्या आत, तीन शुक्रवार बसलास. मला तू सांगायचास की वर्कशॉपवाल्यांना भेटायला चाललो आहे. "बोला, ग़लती मेरा. मैं बोला, झूठ मत बोल, तेरा हाथ मैं पहचानता. फिर बोला, बाबा, साइन मेरा है. बस. एक ही बात."

मग ते उठून आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. पुठ्ठ्याचं, चपलांचं असावं. आत वीस काडतुसं, प्रत्येकाच्या टोकाला करड्या रंगाची गोळी, आणि झाकणाच्या आत तुझी सही. गेल्या हिवाळ्यात तू आणून दिली होतीस.

"मैंने नहीं चलाया. बोला, तू आ, तेरे सामने चलाऊँगा. काम था, नहीं आया." त्यांनी भिंतीवरून रायफल काढली. "चलो."

मी सवयीने परवान्याबद्दल विचारलं.

"वकील साब, काग़ज़ अंदर है. देखना है तो देखो."

मी पाहिला. सगळं रीतसर होतं. त्यांच्या बागेच्या मागे उघडा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी मातीचा बांध घातलेला आहे. पन्नास पावलांवर एक जाड कागद मी खिळ्याला अडकवला. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, पण दस्ता खांद्याला लागल्यावर थांबले. आवाज डोंगरावर आपटून परत आला. त्यांनी दुसरं काडतूस घेतलं नाही. "एक बस. बाकी घर में रहेगा."

कागदापर्यंत मी चालत गेलो. मध्यापासून ते भोक वीतभर दूर होतं, खाली डावीकडे, जवळजवळ कागदाच्या कडेला. मी त्यात करंगळी घातली. भोक गोल होतं, दत्ताराम. कंपासने काढावं तसं गोल.

"कहाँ लगा?" ते लांबून ओरडले.

"बहुत दूर, बाबा!"

"आँख मेरा बुड्ढा हो गया," ते हसत म्हणाले. "बंदूक नहीं."

साचा मी त्यांच्याकडे ठेवला. रीतसर पावती मागितली नाही, हे तुझ्या माहितीसाठी. कागद मात्र मी घेऊन आलो आहे. तुझ्या क्लबाचा तो मॅनेजर केव्हाच देश सोडून गेला, तेव्हा अकरा पानांचं पत्र पाठवायला पत्ता उरलेला नाही. या मजकुराने मी त्या पत्रातलं चौथं कलम बिनशर्त मागे घेतो. तसंच तुझ्याबद्दल उच्चारलेला तो एक शब्दही मागे घेतो, जरी तो घरात उच्चारला होता आणि त्याला साक्षीदार नव्हता. 'हलगर्जीपणा' या शब्दापुढे माझं नाव लिहावं. पुढच्या महिन्यात रजा घेऊन मी सुनंदावहिनींकडे जाईन आणि वही आणि तो भोकाचा कागद त्यांच्या हाती देईन. त्या कागदाची परिशिष्ट म्हणून गणना होईल की नाही मला माहीत नाही. त्याहून भक्कम पुरावा मी कधी कोणाच्या बाजूने सादर केलेला नाही.

एवढं लिहून झाल्यावर एकच बाब राहते. त्या शुक्रवारी, गॅसची चावी खाली आणून, तू मला एक साधा प्रश्न विचारला होतास. तू थांबला होतास, मी उत्तर दिलं नव्हतं.

हो, दत्ताराम. घातलं. लाल बादलीतलं, एक मूठ. आणि आच मीच वाढवली.